वजाकडे झुकलेला काटा

शुक्रवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी सुभद्रा सारंग घराशेजारच्या मांगरात, सामानाच्या खोपटात, उकिडवी बसून बुलेटच्या बॅटरीचे नट आवळत होती. बॅटरी आचऱ्याच्या दुकानातून रात्रभर चार्ज होऊन आली होती. दुकानदाराने स्वच्छ सांगितलं होतं की बॅटरीत खोट नाही, ती गाडीत भरतच नाही. म्हणजे दोष गाडीत होता आणि तो पहाटेच्या आत सापडायला हवा होता.

मांगराच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तिचा नवरा भिवा पुढे वाकून बसला होता. आडवं झालं की त्याला दम लागे. तळाशीलच्या किनाऱ्यावर तीसेक वर्षं तांडेल म्हणून होडी हाकणारा हा माणूस दोन वर्षांपूर्वी मूत्रपिंडं निकामी झाल्यावर किनाऱ्यालाच लागला. मंगळवार, गुरुवार, शनिवार ओरोसला डायलिसिस. परत येताना रक्तदाब उतरतो, भोवळ येते. एकदा शेजाऱ्याच्या स्कूटरवरून तो मसुऱ्याच्या वळणावर सरळ रस्त्यात कोसळला. तेव्हापासून बुलेट. तिच्या बाजूला जोडलेल्या साइडकारमधून पूर्वी मासळी आणि बर्फ जाई, आता भिवा जातो. गाडी चालवायला सुभद्रा त्रेचाळिसाव्या वर्षी शिकली.

गुरुवारी पहाटे मसुऱ्याच्या अलीकडे हेडलाइट पिवळा पडला, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद झालं. चिऱ्याच्या टेम्पोने दोघांना गाडीसकट घरी आणून सोडलं. डायलिसिसची पाळी चुकली. लागोपाठ दोन चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात बजावलेलं. भिवाच्या पायावर बोट दाबलं की खळगा पडत होता आणि तो भरायला वेळ लागत होता. वाडीतल्या सिद्धेशची रिक्षा गिअरबॉक्स उघडून मालवणात पडली होती. उरलेल्या दोन्ही रिक्षा शनिवारी सकाळच्या शाळेला बांधलेल्या.

सुभद्राने किक मारली. भरलेल्या बॅटरीवर इंजिन तिसऱ्या किकला सुरू झालं. तिने अँपिअर मीटरकडे पाहिलं. काटा मधल्या रेघेच्या डावीकडे, वजाच्या खुणेवर टेकलेला. हेडलाइट लावला तर आणखी खाली. इंजिन चालू होतं आणि बॅटरी रिकामी होत होती. बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. इंजिन चालूच ठेवून तिने फोंडाघाटला धोंडू मिस्त्रीला फोन लावला. ही गाडी त्याने दोनदा उघडून बांधली होती. आता गुडघ्यांमुळे तो घाटाखालून हलत नाही.

"धोंडूदादा, काटो वजाकडेच आसा. इंजिन वाढयलंय तरी हलणा नाय. काय करू, सांगा."

"वैनी, माजी बायल माका फोनार आयकणा नाय, ती तर बुलेट. बरा, हेडलायटीचो जुनो बल्ब आसा घरात?"

"आसा."

"इंजिनाकडसून येणारे दोन वायरी सोड आणि त्येंका बल्ब लाव."

"गाडी चालू ठेवन?"

"मगे काय, बंद करून बल्ब पेटतलो?"

तिने फोन स्पीकरवर टाकून साइडकारच्या काठावर ठेवला. वायरी सुटता सुटत नव्हत्या. त्यात हेडलाइट बंद करायचा राहून गेलेला. तो ध्यानात आला तेव्हा तिने स्वतःलाच एक सणसणीत शिवी दिली. वायरी बल्बाला टेकल्या आणि बल्ब डोळ्यांवर येईल इतका पेटला.

"पेटलो!"

"मगे इंजिनाक शिव्या घालू नको. करंट तयार होता, बॅटरीत पोचणा नाय. वायरी परत लाव आणि रेक्टिफायर बघ."

रेक्टिफायर म्हणजे टूलबॉक्सच्या मागे एका बोल्टावर बसवलेल्या पत्र्याच्या चकत्या. इंजिनाचा उलटसुलट येणारा करंट त्या एका दिशेने वळवून बॅटरीत सोडतात. करंटाची एक वाट तारेतून, दुसरी त्या बोल्टातून गाडीच्या चौकटीत, चेसीत; लोखंडाला लोखंड टेकलं तरच ती चालू.

"एक वायरीचो तुकडो घे. एक टोक त्या बोल्टाक लाव, दुसरा चेसीच्या उगड्या लोखंडाक."

सुभद्रा तुकडा घेऊन चौकटीवर जागा शोधू लागली. उघडं लोखंड कुठेच नव्हतं. बोल्टाच्या मागे, वॉशरखाली, बॅटरीच्या खणात, सगळीकडे निळा रंग होता. जाड, चकचकीत, होडीचा.

गेल्याच आठवड्यात नारळी पौर्णिमा झाली. पौर्णिमेआधी होडीला रंग काढायचा, म्हणजे नवा रंग द्यायचा, हा सारंगांच्या घरातला जुना नेम. होडी दोन वर्षांमागे विकली, पण उरलेले डबे आणि ब्रश भिवाने ठेवले होते. यंदा त्याने मांगरात स्टूल मांडून गाडी रंगवली. होडी रंगवतात तशीच. सुटणारी प्रत्येक वस्तू सोडायची, मागे रंग द्यायचा, वाळला की परत बसवायची. बोटभर जागा उघडी राहिली तर मीठ तिथून शिरतं. रंगकामाचे ते दिवस तो नीट जेवला होता, म्हणून सुभद्राने त्याला एका शब्दाने अडवलं नव्हतं.

तिने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने चौकटीवर नखाएवढी जागा खरवडली आणि वायर टेकवली. काटा उसळून अधिकाकडे गेला. वायर उचलली, परत वजाकडे.

"रंग, धोंडूदादा. बोल्टाखाली रंग आसा."

"कोणी काढल्यान?"

"तांडेलांनी."

धोंडू खो खो हसला. "गाडयेची होडी केल्यान! नारळ पण सोडलास काय गो समुद्रात? आता बंद कर ती, रेक्टिफायर काढ, खालचो रंग खरवड. चालू गाडयेत हात घालू नको, बोट जायत."

इंजिन बंद झालं तसा मांगरात समुद्राचा आवाज आला. भिवाने सगळं ऐकलं होतं.

"माज्याच हातान झाला मां?" तो म्हणाला. "मगे रवांदे."

"काय रवांदे?"

"उद्याचा. मंगळवारचा पण. होडयेक भोक पडला तर एकदा बुजवचा, दोनदा बुजवचा. मगे वाळयेत वोढून ठेवची. तू खंयपर्यंत ढकलतलंस माका?"

सुभद्राने मान वर केली नाही. ती बोल्ट फिरवत होती आणि पाना सारखा निसटत होता. "वाळयेत वोढलेले होडयेक दरवर्सा रंग कित्याक काढी होतास मगे? गप बसा. माका हय दिसणा नाय."

ती रंग खरवडत राहिली. निळ्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली लाल प्रायमर, त्याखाली एकदाचं लोखंड. रेक्टिफायर परत बसवेपर्यंत साडेपाच झाले.

पहिल्या किकला काही नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या किकला पेडल उलटं फिरून तिच्या नडगीवर बसलं आणि ती खांबाला धरून खाली बसली. हॉर्न दाबला तर तो कण्हल्यासारखा वाजला. त्या सगळ्या तपासणीत बॅटरी उतरली होती. स्विचमधली बॅटरीशिवाय सुरू करायची सोय तर कधीच मेलेली. आचऱ्याच्या दुकानात बॅटरी आत्ता नेली तरी सकाळीच मिळणार. पुढे काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

खुर्ची करकरली. भिवा भिंत धरत, दोन पावलांवर थांबत, धापा टाकत आला आणि साइडकारमध्ये बसला. तिथून मीटर त्याच्या नाकासमोर होतं.

"कशी पण लाथो मारतंस. म्हैस आसा ती? हळू दाब पेडल. काटो मी बघतंय." ती उठली. तिने पेडल हळू खाली नेलं. "आणखी... आणखी... थांब. मदी इलो, पिस्टन वर इलो. आता लिव्हर दाबून जरासा पुढे घे, सोड, आणि मार."

तिने हँडलवरची, इंजिनातला दाब सोडणारी लिव्हर दाबून पेडल जरा पुढे नेलं, लिव्हर सोडली आणि सगळा भार टाकला. एक धडाका, धूर, मग ठोका लागला. थांबत, अडखळत, पण लागला. भिवा मीटरवरून नजर काढत नव्हता.

"गेलो," तो म्हणाला. "अधिकाक गेलो."

काटा मधल्या रेघेच्या थोडासाच उजवीकडे होता. सुभद्राने ॲक्सिलरेटर धरून ठेवला. टाकीत ओरोसला जाऊन येण्याइतकं आणि वर तासभर पुरेल इतकं पेट्रोल होतं. त्या तासात बॅटरी भरेल तेवढी भरणार होती.

"ता लोखंड उगडा ठेवू नको," इंजिनाच्या आवाजावर भिवा ओरडला. "बोल्टार वरसून ग्रीस लाव. नायतर आठ दिसांत मीठ खातला."

ती ग्रीसचा डबा आणायला गेली. उद्या शनिवार. ओरोसला डायलिसिसची पहिली पाळी सकाळी सातला सुरू होते, त्यासाठी तळाशीलहून पाचला निघावं लागतं.