घोरणारा कमांडो

तेलंगणातल्या वांकिडीच्या आठवडी बाजारात दौलत गुरनुले वांगी विकतो. एखादं नवखं गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं की शेजारचा मिरचीवाला म्हणतो, "जरा जपून बोला साहेब. कमांडो व्हता थो. इमानातून उड्या मारे." गिऱ्हाईक दौलतच्या सुटलेल्या पोटाकडे पाहतं आणि भाव आणखी पाडून मागतं.

दौलत फौजेत गेला तो देशासाठी वगैरे नव्हे. बारावीला तेलुगूत नापास झाला तेव्हा बाप म्हणाला, आता वाफे भिजव. रोज पहाटे उठून मोटर सुरू करायची, या विचारानंच त्याला हुडहुडी भरली. मंचेरियलला फौजेची भरती निघाली होती, तिकडे तो पळाला. फौजेत त्याहून लवकर उठवतात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

झोप हा त्याचा एकमेव खरा गुण. कमांडोंच्या तुकडीसाठी जवान निवडायला एक मेजर आले, तेव्हाही तो रांगेत उभ्या उभ्या पेंगत होता. "कोण तयार आहे?" असं त्यांनी विचारलं, तेवढ्यात मागच्यानं कोपरानं ढोसलं, तसा तो दचकून एक पाऊल पुढे आला. "शाब्बास!" मेजर म्हणाले. संपला विषय. आईला, मनकर्णाबाईला, त्यानं फोनवर सांगितलं आणि तिनं तासाभरात अख्ख्या गावाला. आता माघार घेणं म्हणजे गावाकडे पाठ करून जगणं.

निवडचाचणीत माणसाकडे फक्त त्याचं सामान ठेवतात, बाकी सगळं काढून घेतात. पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढायचा, खांद्यावर ओंडका घेऊन उतरायचा, गटाराच्या पाण्यात छातीपर्यंत बुडून गाणी म्हणायची, आणि वर निबंध लिहायचा. झोपू तर द्यायचंच नाही. जिममध्ये घडवलेले, दंड फुगवणारे पहिलवान भ्रमात ओंडक्याला आई म्हणून हाक मारू लागले आणि सामान बांधून परत गेले. दौलत मात्र चालता चालता झोपत होता. शिकवणारा उस्ताद ओरडला की डोळे उघडून "येस उस्ताद" म्हणायचा आणि पुढच्या वळणापर्यंत पुन्हा डुलकी. विमानातून पहिली उडी घ्यायची वेळ आली तेव्हाही तो पेंगत होता. दारात उभं राहून खाली पाहिलं की भीती वाटते म्हणतात. यानं पाहिलंच नाही. मागून लाथ बसली, जाग आली ती हवेत.

शेवटी कमांडोंची मरून रंगाची टोपी मिळाली. त्या दिवशी पेल्यातली दारू संपवून पेल्याची काच चावायची तिथली रीत. सुट्टीत हे ऐकून मनकर्णाबाई म्हणाली, "सरकार खायाले नाई देत का रे तुमाले? काच काऊन खाता?"

अडचण एकच होती. दौलत घोरायचा. साधंसुधं नाही, ट्रॅक्टर चिखलात रुतल्यावर करतो तसं. शत्रूच्या वाटेवर दबा धरून बसणाऱ्या माणसाला हा गुण शोभत नाही. म्हणून त्याचा जोडीदार करण, जम्मूकडचा पोरगा, याच्यावर एक खास कामगिरी होती: दौलत झोपला की नाकावर लक्ष ठेवायचं, आवाज निघाला की नाक दाबायचं.

काश्मीरच्या वरच्या जंगलात एका नाल्याकाठी त्यांची तुकडी कितीतरी दिवस पडून होती. कमांडोगिरीतली बहुतेक कमांडोगिरी हीच. ओल्या पाचोळ्यात पोटावर पडायचं, गार पुऱ्या खायच्या, लघवीही आडव्यानंच करायची आणि ज्याची वाट पाहतोय तो येतच नाही. त्या दुपारी झोपायची पाळी दौलतची होती. पण थकून करणचाही डोळा लागला. आणि झुडपातून ट्रॅक्टर सुरू झाला.

नेमकं त्याच वेळी वरून दोन बंदूकधारी उतरत होते. आवाज ऐकून ते थबकले. एकजण म्हणाला, अस्वल आहे. दुसरा म्हणाला, आहेच, वाट बदलू. पहिल्यानं ते हुसकायला दगड भिरकावला. तो थेट दौलतच्या हेल्मेटवर खणकन आदळला. दौलतला वाटलं, उस्तादच आला. "येस उस्ताद!" असं ओरडतच तो उठला.

पुढचं डोळ्याचं पातं लवायच्या आत संपलं. त्यांच्या गोळ्या आधी सुटल्या. एक करणच्या कोपरातून गेली. दौलतनं आणि तुकडीतल्या बाजूच्या जोडीनं झाडलेल्या गोळ्यांनी ते दोघे पडले. करणला पाठीवर घेऊन दौलत हेलिकॉप्टर उतरेल त्या सपाटीपर्यंत धावला. वाटेत करण सारखा एकच म्हणत होता, "भाई, मैं सो गया था. भाई, मैं सो गया था."

"मग मी काय जागा व्हतो का बे?" दौलत म्हणाला. करणला मराठी कळत नव्हती, तरी तो हसला.

वरिष्ठांनी विचारलं, शत्रू थांबला कसा? तुकडीतल्या कोणीच घोरण्याचं नाव काढलं नाही. शौर्याचं कौतुक झालं. करणचा हात वाचला, पण कोपरात वाकेना.

दौलतनं नंतर मेलेल्यांचं सामान तपासलं होतं. एकाच्या पिशवीत बदाम होते आणि लोकरीचे नवेकोरे मोजे, कोणीतरी घरी विणलेले. त्यानंतर त्याचं घोरणं बंद झालं, कारण झोपच बंद झाली. सुट्टीवर आला की टक्क उघड्या डोळ्यांनी छताकडे पाहत पडायचा. बायको सुवर्णानं विचारलं, "काय पाहून राह्यले तुमी?" तो म्हणाला, "मोजे." दुसऱ्या दिवसापासून तिनं त्याला रोज सकाळी हाताला धरून मळ्यात नेलं, कुदळ दिली आणि अंग मोडेपर्यंत राबवलं. हळूहळू झोप परतली. नोकरीची मुदत भरताच तो गावी आला. कंपन्यांनी गार्डची नोकरी देऊ केली, ती नाकारली.

यंदा कापसात वाघ शिरला. सरपंच सुधाकरराव मंडळी घेऊन मळ्यावर आले. "दौलत, तू कमांडो. तूच निघ फुडे."

दौलत वांग्याला पाणी देत होता. "सुधाकरराव, वाघानं कोनाले चावलं?"

"अजून नाई."

"मंग जंगलवाल्यायले फोन करा, ढोरं आत बांधा अन् दारं लावा."

"अन् तू काय करशीन?"

"मी बी दार लावतो," दौलत म्हणाला, आणि खरंच घरात जाऊन त्यानं कडी घातली.