पिवळ्या पिशवीचं वजन

आमच्या दवाखान्यात कचऱ्याचं रजिस्टर माझ्या गळ्यात पडलं, कारण माझं अक्षर चांगलं. बाळंतपणाचा छोटा खाजगी दवाखाना, मी तिथली जुनी सिस्टर. रोज संध्याकाळी पिवळी, लाल, निळी पिशवी काट्याला लटकवायची, वजन लिहायचं, बारकोड चिकटवायचा, गाडीवाल्याची सही घ्यायची. महिन्याचा अहवाल वेगळा, वर्षाचा वेगळा. एवढं करून पेशंटचे नातेवाईक पिवळ्या पिशवीत काय टाकतात? भुईमुगाची टरफलं. एकदा अख्खी भाकरी ठेच्यासकट निघाली. त्या दिवशी माझा आवाज म्हणे स्टँडापर्यंत गेला.

तर बोरी गावची एक सून आली. सिझर झालं, मुलगी झाली. बरोबर सासू, कपाळाला भस्म, हातात नवंकोरं गाडगं.

"आमची वार द्या," म्हणाली.

बाळामागून पडते ती वार त्यांच्यात उंबऱ्याशी पुरतात. लेकराला घराची ओढ राहते म्हणे. मी म्हटलं, "आजी, ती पिवळ्या पिशवीत जाती. गाडीवाले नेऊन जाळत्यात."

"जाळत्यात?" म्हातारी खालीच बसली. "थोरल्याची दोन लेकरं पुण्याला झाली. त्यांचीबी अशीच जाळली आसंल. दिवाळीला येत्यात आन् दुसऱ्या दिशी इचारत्यात, आपण घरी कधी जायचं. आता बोला. ह्येच त्यांचं घर हाय की माय."

मला वाईट वाटलं. पण तपासणीचे साहेब त्याच आठवड्यात येणार होते. बाळंतपण लिहिलंय आणि वजनात वार नाही, तर त्यांनी मला हार घातला असता का?

म्हातारीला वाटलं, अडचण नुसती वजनाची आहे. तिनं आपल्या पिशवीतून गुळाचा मोठा खडा काढला, हातावर तोलला. "एवढीच भरंल. ह्यो टाका तुमच्या पिशवीत आन् वार मला द्या. तुमचं वजनबी बराबर, माझंबी काम."

डॉक्टरबाई हसत आत निघून गेल्या. मला तो हिशेब क्षणभर पटला, याचाच जास्त राग आला. न्हाई म्हणजे न्हाई, मी म्हटलं. गाडी आली, पिशवी गेली. म्हातारी गाडी वळेपर्यंत रस्त्यात उभी होती. आत येऊन मला म्हणाली, "तुमाला लेकरं किती?"

"एक मुलगी. हैदराबादला नोकरीला हाय."

"येती का?"

मी उठले आणि झाडणाऱ्या मावशींवर ओरडायला गेले. मावशींनी काहीच केलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीच तिला सांगितलं, बाळाच्या बेंबीची नाळ राहिलीय, ती वाळून पडेल, ती पुरा. घरी पडली तर माझ्या रजिस्टरात येत नाही. म्हातारी खुलली आणि नवाच वैताग सुरू झाला. सुनेचे टाके ओले, सुट्टी लांबलेली, आणि ही सारखी दुपटं उचलून बेंबी बघायची. "अजून चिटकून हाय," असं सगळ्या वॉर्डाला सांगायची. नाळेला म्हणायची, "दम धर माय, बोरी लांब न्हाई." तपासणीचे साहेब आले, रजिस्टर बघून "छान" म्हणाले, तर ही त्यांनाच धरून बसली, "सायेब, तुमी तरी सांगा डाक्टरीणबाईला, सुट्टी द्या म्हणावं."

सुट्टी मिळाली त्या सकाळी मी बाळ बघायला गेले. बेंबी कोरडी, स्वच्छ. नाळ नव्हती. दुपट्यात नव्हती, खाटेखाली नव्हती. म्हातारी पदराला गाठ मारून, गाठ मुठीत धरून बसलेली. माझ्याकडे बघेना.

"आजी, पदरात काय लपवायलाव?"

"सुपारी हाय."

म्हातारीच्या तोंडात एकही दात नव्हता.

नियमानं ती गाठ मी सोडायला लावायला हवी होती. पिवळी पिशवी माझ्या हातातच होती. मी ती खाली ठेवली, सुनेला फाईल दिली, गोळ्या समजावून सांगितल्या.

"बोरीच्या रस्त्याला गाडी लय उसळती," जाताना मी म्हातारीला म्हटलं. "सुपारी जपून न्या. आन् उंबऱ्याच्या आतल्या अंगाला पुरा."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

संध्याकाळी पिशवी काट्याला लावली. भरलं तेवढं लिहिलं आणि हैदराबादला फोन लावला.