दारफळणीच्या दिवशी राहीबाई

आटगाव स्टेशनाच्या पलीकडे, शेताडीत, ख्रिस्ती लोकांची सात घरांची वाडी होती. तिथल्या बायकांना शास्त्र सांगायचं काम राहीबाईकडे. माहेर तिचं म्हसा गावाकडचं. नवरा गेल्यावर तिसाव्या वर्षी ती शहापूरच्या सावळाराम पाळकांकडे अक्षरं गिरवायला बसली आणि ओळीखाली बोट सरकवत वाचायला शिकली. पण सांगायची अशी, की ऐकणारीच्या हातातलं निवडण तसंच राहायचं.

त्यातही यहुद्यांचे जुने सण सांगावेत तर राहीबाईनंच. वल्हांडणाला ती स्वतःच्या दाराच्या चौकटीला गेरूचे पट्टे ओढायची आणि म्हणायची, "ह्ये कोकराचं रगत. ह्ये बघून मरान घर वलांडून गेलं. आन् आपला कोकरू कोन?" बायका एका सुरात म्हणायच्या, "येशू!" आद्यफळाचा सण सांगताना हळव्या भाताची पहिली लोंबी हातात धरायची. "येक पिकली ना? मंग मागनं समदं शेत पिकनार. येशू पयला उठला, मागनं आपन." दर कापणीला शहापूरच्या देवळात उपकारस्तुतीची सभा भरे, आणि पाळकांच्या शेजारी उभं राहून सणांचा अर्थ सांगायचा मान अकरा वर्षं तिचाच होता. त्या एका दिवसासाठी ती ठेवणीतलं लुगडं धुऊन, घडी करून, उशाखाली दाबून ठेवायची.

एकोणीसशे सदतीस साली स्टेशनात दिघोडकर नावाचे तारमास्तर बदलून आले. त्यांची बायको रिबकाबाई. नऊवारी लुगडं, कपाळ कुंकवाविना, बोलणं थेट अलिबाग-पेणेकडचं. बेने इस्राएल, म्हणजे किनाऱ्यावर ज्यांना शनवार तेली म्हणतात त्या यहुद्यांतली. राहीबाईला आधी आनंदच झाला. शास्त्रातलं माणूस चालत दाराशी आलं, असं ती म्हणाली.

तो आनंद वल्हांडणापर्यंत टिकला.

वाडीतली भिमी रिबकाबाईच्या क्वार्टरात दूध घालायला जायची. ती धावत आली. "राहीबाय, तिच्या दारावर पंजा हाय! कोकराच्या रगताचा, खरा! हात बुडवून कागदावर उमटवलाय आन् चौकटीवर टांगलाय. तुमचा आपला गेरू!"

बायका हसल्या. राहीबाईही हसली, आणि घरात जाऊन ओल्या फडक्यानं चौकट पुसून काढली.

त्यानंतर रोज काही ना काही. "रिबकाबाय सांगत व्हती, वल्हांडनाच्या भाकरीत आंबवन नसतंच." "रिबकाबायला इचारू, तिला घरचं ठावं." राहीबाई मनात म्हणायची, हिला काय, आईच्या मांडीवर बसून मिळालं. हिनं कधी चिमणीपुढं बसून एकेक अक्षर जुळवलंय? तिला रिबकाबाईचा चुडा खुपू लागला, तिच्या अंगणातली तुळशीएवढी पुदिन्याची कुंडी खुपू लागली. रस्त्यात भेटली तर राहीबाई गोड बोलायची आणि चार पावलांवर जाऊन तिची चाल निरखायची.

गौरी नुकत्याच बोळवल्या होत्या, तेव्हा पाळकांचा निरोप आला. यंदा उपकारस्तुतीला सणांची माहिती रिबकाबाईंनी सांगावी असं बायकांचं म्हणणं आहे, राहीबाईंची हरकत नसावी.

हरकत! राहीबाईनं वेलावरचं एक तवसं, चांगली हातभर काकडी, तोडलं, पदराखाली घेतलं आणि क्वार्टराकडे निघाली. भेट द्यायचं निमित्त. गोडीगुलाबीनं सांगायचं होतं, की बाई, सभा आमची आहे, तुम्हांला उगाच त्रास.

दुपार होती. आसपासच्या गावात अनंतचतुर्दशीपर्यंतचे गणपती अजून बसलेले, घराघरांची दारं उघडी, येणंजाणं चाललेलं. रिबकाबाईचं दार तेवढं बंद. खिडक्याही बंद. राहीबाईनं कडी वाजवली. आत कुणीतरी पुटपुटत होतं, ते थांबलं नाही. पावलं वाजली. फटीतून पांढरं लुगडं हललेलं तिला स्पष्ट दिसलं.

"रिबकाबाय! मी राही!"

कुणी ओ दिली नाही. वर चौकटीवर तो वाळून काळा पडलेला पंजा. राहीबाईला वाटलं, तो आपल्यालाच थांब म्हणतोय.

परतताना विहिरीवर बायका होत्या. भिमीनं विचारलं, "तवसं तसंच कसं?"

"घरात व्हती. मी दिसले तरी दार नाय उघडलं." पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं आणि ते खोटं आहे की खरं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. "शिवाशीव पाळते ती. आपल्याला वरवर गोड बोलते."

त्या बायकांनी आयुष्यभर शिवाशिवीची बंद दारं पाहिली होती. भिमीनं कळशी दाणकन कट्ट्यावर ठेवली. "मंग नको आमाला तिचं सांगनं. पाळकांना कळवते मी. तुमीच सांगा, राहीबाय."

राहीबाईनं ते तवसं मीठ लावून एकटीनं खाल्लं. चव लागली नाही, तरी संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिबकाबाई वाडीवर आली. हातात फडक्यानं झाकलेलं ताट. राहीबाईनं तिला बांधावरून येताना पाहिलं, झटकन आत शिरली आणि दाराला कडी घातली. कुडाच्या फटीला डोळा लावून उभी राहिली.

भिमी अंगणात आडवी आली. "इकडं कशाला? काल आमच्या राहीबायला दारातनं घालवलंत ना?"

"अगो, ती हाक राहीबाईंची का? प्रार्थनेत नीट ऐकूच आली नाही." रिबकाबाई मटकन ओट्यावर बसली. "काल आमची दारफळणी. सांज ते सांज पाण्याचा थेंब नाही. पांढरं नेसायचं, दारं लावायची, वर्षाच्या पापांची माफी मागत बसायचं. त्या दिवशी आम्ही कुणाला दार उघडत नाही, सख्ख्या भावालाही नाही. आज शिळा सण. आज चार घरी जायचं, गोडधोड द्यायचं. पहिलं राहीबाईंकडेच आले बघ."

कुडाआड राहीबाईचा हात कडीवरच राहिला.

पांढरं वस्त्र. उपास. बंद दार. प्रायश्चित्ताचा दिवस! अकरा वर्षं ती हाच सण सांगत होती. त्या दिवशी मुख्य याजक भरजरी झगा उतरवून साधं पांढरं तागाचं वस्त्र नेसतो, एकटा पडद्याआड जातो, आणि सगळे लोक उपाशी बाहेर थांबतात. पाठ होतं तिला. तोच दिवस दार लावून समोर उभा राहिला, तर तिला त्यात शिवाशीव दिसली.

आता गप्प राहिलं तर सभा आपलीच, हेही तिच्या मनात येऊन गेलं. भिमीनं पाळकांना अजून कळवलं नव्हतं. नुसतं आतच बसून राहायचं.

बाहेर भिमी म्हणत होती, "खरं सांगताय कशावरनं?"

राहीबाईनं कडी काढली.

"खरं हाय त्ये," ती म्हणाली. "मला ठावं असाया हवं व्हतं. शिवाशिवीचं मी मनचं बोलले, भिमे. जळत व्हते मी हिच्यावर."

रिबकाबाईला निम्मं कळलं असावं, निम्मं नसावं. तिनं ताटावरचं फडकं काढून करंजी पुढं केली. "घ्या आधी. रव्याच्या आहेत."

कापणीनंतरच्या सभेत रिबकाबाईच बोलली. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. राहीबाई दुसऱ्या रांगेत, ठेवणीतलं लुगडं नेसून, ओठ घट्ट मिटून बसली होती. दारफळणी सांगून झाल्यावर रिबकाबाई थांबली. "आमच्या घरी काय करतात ते मी सांगितलं. तुमच्या येशूचं मला ठाऊक नाही. ते राहीबाईंनी सांगावं."

राहीबाई उठली. तिनं लोंबी आणली नव्हती, गेरू नव्हता. ती म्हणाली, "यंदा भादव्यात दोन दारं बंद व्हती. येक हिचं, त्यात देव व्हता. येक माजं, त्यात मी येकटीच." मग विहिरीवर काय बोलली ते तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. "याजक दर वरसाला पडद्याआड जायचा. येशू येकदाच गेला, सोताचं रगत घेऊन, आन् तो पडदा वरनं खाली फाटला. मानसानं फाडला असता तर खालनं वर फाटला असता. तवापासनं त्येचं दार उघडं हाय. आपलंच आपन लावून बसतो."

बाहेर येताना भिमी म्हणाली, "आजवर असं कदी सांगितलं नव्हतं तुमी."

पुढं रिबकाबाई चालली होती, चार बायका तिच्याभोवती. तिच्या लुगड्याचे काठ किती नीट बसलेत, हे राहीबाईच्या डोळ्यांनी टिपलंच. मग तिनं पावलं उचलली आणि हाक मारली, "रिबकाबाय, थांबा गो. वेलावर आजून येक तवसं हाय."