जावेनं न बघितलेली गाठ

ओल्या दोराचा वास आला की मला ती विहीर आठवते. लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ होता, तळाला जेमतेम पाणी, म्हणून बाया दोरानं खाली उतरून घागर भरायच्या. उतरणारीच्या कमरेची गाठ दुसरीनं आधी ओढून बघायची, ही रीत. "बगितली गं, उतर," जाऊ न बघताच म्हणाली. गाठ सुटली, मी पडले, पुढचा दात गेला. घरी म्हणाली, "हिनंच ढिल्ली बांधली." तिची उतरायची पाळी आली तेव्हा गाठ नीट ओढून तिला उतरवलं. तिनं कमरेचा दोर सोडून भरल्या घागरीला बांधला; मी घागर वर घेतली आणि दोर वरच ठेवला. "दोर टाक की गं!" "आदी काठावरच्या सगळ्या बायांना खरं सांग." ऊन डोक्यावर आल्यावर खालून आवाज आला, "म्याच न्हवती बगितली!" परवा नातवाचा पाळणा मी बांधला, तर आता म्हातारी झालेल्या जावेनं दोरी ओढून बघितली. मी तोंडभर हसले, पडलेल्या दाताची जागा दिसेल असं.