दुसऱ्या पाळीला उशीर

न पिणाऱ्या एका माणसाला मी कागदावर दारुडा ठरवलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर दोन हजार पाच सालच्या एका रविवारी मी धुळ्याहून उठून नाशिकला, तेही एका बारमध्ये का गेलो, हे कुणाला कळायचं नाही.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. रघुनाथ अहिरे माझ्या हाताखाली टूलरूममध्ये. वय चोवीस, टेम्पररी, दिवाळीनंतर कायम होणार होता. खंडेनवमीच्या आठवड्यात त्यानं सगळ्यांसमोर माझी एक मोजणी चुकीची असल्याचं दाखवून दिलं होतं, आणि ती खरंच चुकीची होती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मॅनेजर फेरीला आले. अहिरेजवळ थांबून त्यांनी नाक मुरडलं आणि मला विचारलं, "हा घेऊन आलाय का?" मी क्षणभर अहिरेकडे बघितलं आणि म्हणालो, "वाटतंय, साहेब." मग तेच लिहूनही दिलं. संध्याकाळी टूलरूममध्ये गेलो, तर बाकावर स्पिरिटची रिकामी बाटली होती आणि चिंध्यांचा ढीग. दुसऱ्या दिवशी पूजेला मांडायचे म्हणून सगळे गेज आणि मायक्रोमीटर तो सकाळपासून स्पिरिटनं पुसत बसला होता.

मला कळलं, आणि मी कागद मागे घेतला नाही. मॅनेजरनं माझ्या चौकसपणाचं कौतुक केलं होतं.

अकरा वर्षांनी वर्तमानपत्राच्या पुरवणीत एक फोटो दिसला. नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत कारखान्यासारखा सजवलेला बार, नाव 'दुसरी पाळी'. फोटोत मालक उभा होता, रघुनाथ अहिरे. केस मागे गेले होते, पण मान तिरकी ठेवून बघण्याची सवय तीच.

सकाळची एसटी धरली. घरी कुठे चाललात असं विचारणारं कोणी उरलेलं नाही, त्यामुळे कुलूप लावलं की निघणं झालं. मालेगावला शेजारी एक म्हातारी येऊन बसली. तिनं पिशवीतून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला.

"कथा चालनात, भाऊ?" (कुठे निघालात?)

"नाशिकला."

"एकलाच शेतस का?" (एकटेच आहात का?)

"हो, एकटाच."

तिनं पिशवीत पुन्हा हात घातला आणि दुसरा खडा दिला.

चांदवडला गाडी थांबली तेव्हा कांद्याच्या ट्रकांची रांग रस्त्याला लागली होती, वास काचेतून आत येत होता. मी मनातल्या मनात भाषण जुळवत होतो. मॅनेजरचा दबाव होता. माझं लग्न नुकतंच झालं होतं. मी तरुण होतो. गाडी सुटेपर्यंत भाषण इतकं चांगलं झालं, की त्यात माझी चूक शोधावी लागली असती.

नाशिकला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. बार तीनला, म्हणजे दुसरी पाळी सुरू होते त्याच वेळेला उघडतो, असं पुरवणीत होतं. स्टँडसमोर चहा घेतला, मग कॉलेज रोडकडे उगाच पायी हिंडलो. आमच्या वेळी या बाजूला द्राक्षाचे मळे होते, आता पाच मजली इमारती आणि कपड्यांची दुकानं. ओळखीचं एकही तोंड दिसलं नाही. पंधरा वर्षं राहिलेल्या गावात मी पत्ता विचारत फिरत होतो.

बारचा दरवाजा कारखान्याच्या शटरसारखा होता. आत शिरताच जुनं पंचिंगचं घड्याळ, शेजारी कार्डांचा रॅक. निळा डगला घातलेला चाळिशीचा, मोठ्या मिशांचा वेटर पुढे आला. छातीवर पट्टी होती: सुरेश, फिटर.

"कार्डावर नाव लिहा साहेब, आन् पंच करा. त्याशिवाय आत एंट्री नाय."

मी नाव लिहिलं. घड्याळानं खाडकन शिक्का मारला.

"तीन वाजून सात मिनिटं. लेट मार्क लागला बघा," सुरेश म्हणाला. "घाबरू नका, पगार कापत नाय. चकणा कापतो."

कार्ड घेऊन तो गल्ल्याकडे गेला.

जागा खरोखर देखणी होती. लेथच्या बेडवर काच ठेवून टेबलं केलेली. वर मशीनचे वाकणारे दिवे. भिंतीला स्पॅनर लहानमोठ्या क्रमानं लावलेले. मेनू जॉबकार्डावर छापलेला: ऑपरेशन एक, मसाला पापड, ऑपरेशन दोन, चणा कोळीवाडा. खाली तपासनीसाच्या शेऱ्यासाठी जागा. माझी अख्खी नोकरी तिथे हौसेनं मांडून ठेवली होती, आणि मी चार खुर्च्यांच्या टेबलावर एकटा बसलो होतो.

मी एरवी घेत नाही. त्या दिवशी धीर यावा म्हणून नाशिकच्या द्राक्षांची लाल वाइन मागवली. पहिल्या घोटाला ती तुरट लागली. सोबत ॲल्युमिनियमच्या डब्यात शेवभाजी आली, काळ्या मसाल्याची, आणि बाजरीची भाकरी. भाजी झणझणीत होती. डोळ्यांत पाणी आलं, ते मसाल्यावर ढकलता आलं.

शेजारच्या टेबलावर तिशीतले दोघे मित्र बसले होते. त्यातल्या एकानं भिंतीवरची चौकट दाखवून विचारलं, "हे काय लावलंय, भाऊ?"

"ते व्हय?" सुरेश खुलला. "ते आमच्या शेठचं पहिलं लायसन! वाचा की मोठ्यानं."

विचारणारा उठून वाचू लागला. "'श्री. अहिरे हे कामावर मद्यपान करून आले असून त्यांच्या तोंडास उग्र दर्प येत होता...' अरे, हा तर मेमो आहे!"

"मंग! सर्टिफिकेट हाय त्ये. शेठ म्हनतात, बेवडा म्हनून नाव झालंच व्हतं, तर बारच टाकू."

दोघे खदखदून हसले. कागद माझ्या अक्षरात होता, खाली माझीच सही. ते वाक्य मी लिहिलं होतं, आणि 'उग्र दर्प' हे शब्द तेव्हा मला छान वाटले होते.

मी जॉबकार्ड पुढे ओढलं. शेऱ्याच्या चौकटीत 'सदर अहवाल चुकीचा होता' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. समोर कोणीतरी उभं होतं.

"वैद्य साहेब," अहिरे म्हणाला. त्याच्या हातात माझं पंच केलेलं कार्ड होतं. "अक्षर बदललं नाही तुमचं. रोज बघतो ना, लगेच ओळखलं."

मी उठलो. "बसा," तो म्हणाला, पण स्वतः उभाच राहिला.

"चांगलं चाललंय तुमचं," मी म्हणालो. पूर्वी मी त्याला अरेतुरे करत असे.

"चाललंय. मी मात्र अजून घेत नाही. तुमच्या कागदानंतर नोकरी गेली, जमलेलं लग्नही मोडलं माझं. पोरीचा बाप म्हणाला, कंपनी खोटं कशाला लिहील? आमचे वडीलही वर्षभर माझं तोंड हुंगून मगच जेवायला वाढा म्हणायचे."

तो हे अगदी सपाट आवाजात सांगत होता. मी जॉबकार्ड त्याच्याकडे सरकवलं. त्यानं वाचलं आणि परत माझ्यापुढे ठेवलं.

"लिहून तर तुम्ही त्या दिवशीही दिलं होतं, साहेब. तोंडानं बोला." मग मागे वळून म्हणाला, "सुरेश, गाणं बंद कर जरा."

गाणं बंद झालं. शेजारचे दोघे हसायचे थांबले. मी बोललो. माझा आवाज त्या लोखंडी भिंतींत फारच मोठा वाटला.

सुरेशनं चौकट उतरवायला हात वर केला, तसा अहिरे म्हणाला, "राहू दे. फक्त इथून पुढे गोष्ट पूर्ण सांगायची." आणि माझ्याकडे न बघता, "भाकरी गार झाली यांची. दुसरी आण." माझं कार्ड टेबलावर ठेवून तो गल्ल्यामागे जाऊन बसला. माफ केलं असं म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. भाकरी संपवली, कार्ड पुन्हा पंच केलं आणि निघालो.

परतीच्या गाडीत शेजारची जागा रिकामी होती. चांदवड आलं तेव्हा दिवस मावळत होता आणि कांद्याचे ट्रक अजून तिथेच होते. सकाळी इथपर्यंत जुळवलेल्या भाषणातलं एकही वाक्य मी वापरलं नव्हतं. मॅनेजर नाही, लग्न नाही, वय नाही. अकरा वर्षं ज्याला घाबरलो, ते बोलायला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. बोललो ते इतकंच:

"अहिरे, त्या दिवशी तुम्ही प्यायला नव्हता. वास स्पिरिटचा होता. मला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं, आणि तरी मी गप्प बसलो. मला माफ करा."