काय बुडालं?

पेढेमामा हातात खोका घेऊन फाटकात उभे राहिले, की आमच्या सांगलीच्या गल्लीत आधी एकच प्रश्न विचारला जाई, "काय बुडालं?" जगात लोक काही मिळालं की पेढे वाटतात, मामा हातचं गेलं की वाटत. त्यांचं खरं नाव फक्त लाइट बिलावर होतं.

सुरुवात झाली कुपवाडच्या त्यांच्या पहिल्या कारखान्यापासून. कारखाना म्हणजे एक लेथ मशीन, दोन कामगार आणि एक भागीदार. आधी भागीदार गेला, मग कामगार, शेवटी लेथ. मामांनी साताऱ्याची सासरवाडी गाठली, तिथून कंदी पेढे आणले आणि गल्लीतल्या एकवीसच्या एकवीस घरांत वाटले. "कारखाना बंद पडला. घ्या." लोक अवाक झाले. माझ्या आईनं भीत भीत कारण विचारलं, तर म्हणाले, "आवं वैनी, बातमी आज ना उद्या फुटणारच की. आपणच सांगितली तर निदान खरी जाती. आन् तोंडात पेढा असला की मानसाला लगीच बोलता येत न्हाई. तेवढ्यात आमी फुडच्या घरी!"

मग पिठाची गिरणी झाली, टेम्पो झाला. गिरणीला गिऱ्हाईक मिळेना, टेम्पो पुरात अडकला. दोन्ही वेळा पेढे. पण पेढे वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामा अंघोळ करून, गंध लावून नव्या कामाच्या शोधात बाहेर पडलेले असत. शेवटी टिकलं ते उसाच्या शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. तिथल्या फळीवर पेढ्यांचे सगळे रिकामे खोके ओळीनं मांडलेले होते. गिरणीच्या खोक्यात बारा नंबरचे नट, टेम्पोच्या खोक्यात चौदा नंबरचे. मामी दुपारभर तिथं बसून नट निवडत आणि नुसत्या आवाजावरून मोटारीचं दुखणं सांगत. आपल्यापेक्षा हिलाच जास्त कळतं, हे मामा गिऱ्हाइकासमोर कबूल करत.

लेकीचं लग्न मेढ्याला ठरलं, तेव्हा मामांनी आनंदाच्या भरात, सवयीनं पेढेच आणले. समोरच्या काकूंनी खोका पाहिला आणि थेट पदर डोळ्याला लावला. "पोरीच्या बाबतीत तरी देवानं असं करायला नको होतं!" मामांना खोका खाली ठेवून खुलासा करावा लागला. त्या दिवसापासून नियमच झाला, चांगल्या बातमीला भडंग आणि वाईट बातमीला पेढे.

अशा माणसाच्या शेजारी मी लहानाचा मोठा झालो, तरी काही शिकलो नव्हतो. पुण्यातली नोकरी गेली तेव्हा मी घरी येऊन सांगितलं, "वर्क फ्रॉम होम मिळालंय." दोन महिने कानाला हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसत होतो. वडील मित्रांना कौतुकानं सांगत, कंपनी पोराला सोडायलाच तयार नाही. ते ऐकलं की जीव नकोसा व्हायचा. एका दुपारी मामा खिडकीशी येऊन उभे राहिले. "तुझ्या मिटिंगीत कवाच कुणी बोलत न्हाई व्हय रं?" माझा चेहरा बघून त्यांनी पुढे काही विचारलं नाही. चार दिवसांनी मात्र माझ्या मांडीवर खोका आणून ठेवला. "एकवीस घरं. पयलं घर तुजंच."

वडिलांच्या हातावर मी पेढा ठेवला. "नोकरी गेली. दोन महिने झाले. खोटं बोललो." त्यांनी पेढा तोंडात घातला आणि भिंतीकडे बघत बराच वेळ चघळत राहिले. मग हात पुढे केला. "अजून एक दे." मला रडूच कोसळलं. अकराव्या घरी कुपवाडला कामाला जाणारे काका वैतागलेच. "अरे, आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारा हवाय. तू पुण्याच्या नोकरीत आहेस म्हणून विचारलंच नाही!" पुढच्या महिन्यात मी भडंग वाटलं. अजून तिथंच आहे.

यंदा मामांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. निघताना त्यांनी मला बजावलं, "बरा होऊन आलो तर भडंग. न्हाई आलो तर काय करायचं ते तुला ठावं हाय. साताऱ्याचंच आण गड्या, हितलं नगं. आन् पयलं घर माजं." मी हसण्यावारी नेलं. मामा परत आले नाहीत.

तेराव्याचं गोड जेवण उरकलं, पाहुणे पांगले, तेव्हा मी खोका घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. मामींनी खोक्याकडे पाहिलं. मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला, एक स्वतःच्या तोंडात घातला. दोघांनाही बोलता येईना. मामा म्हणत ते खरंच होतं. मी पुढच्या घराकडे वळलो, तशी मागून मामींची हाक आली.

"खोका टाकू नगंस रं. वाटून झाला की हिकडं आणून दे. उद्या सकाळी दुकान उघडायचं हाय, आन् सोळा नंबरच्या नटांना खोका न्हाई."