ओल्या टोपल्या

नोटबंदीच्या आदल्या वर्षी आमच्या खाडीवर समतेचा पूल झाला. खरंच तसं नाव होतं त्याचं, समता सेतू. त्याआधी सगळे होडीने पलीकडे जात. होडीत वाडीवाले, म्हणजे चिकूच्या बागांचे मालक, पुढच्या फळीवर बसत आणि आई नि तिच्यासारख्या मासळीवाल्या टोपल्या घेऊन मागे, इंजिनाच्या धुरात. वास येतो म्हणून. याच बायकांकडून पापलेट निवडून घेताना तो वास कुठे जायचा, देव जाणे.

पुलाच्या समितीत सगळे वाडीवालेच. सभेत अध्यक्ष म्हणाले, "पुलावर कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही." मी टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या शाळेत मी मास्तरीण होते आणि असल्या वाक्यांना भुलायची मला खोडच होती. अक्षर चांगलं म्हणून नावाचा फलक रंगवायचा मान मला मिळाला. दोन रविवार खपून रंगवला.

उद्घाटन चार दिवसांवर आलं तेव्हा अध्यक्षांनी दुसरा फलक सांगितला : ओल्या टोपल्या पुलावरून नेऊ नयेत.

"गैरसमज नको हं बाई," ते म्हणाले. "खाऱ्या पाण्याने सळया गंजतात."

खाली अख्खी खाडी वाहत होती, खारीच. हे तेव्हाच तोंडावर सांगायला हवं होतं. मी मुकाट ब्रश घेतला. नोकरी नवी होती, आणि खरं सांगायचं तर त्यांनी 'बाई' म्हटलेलं मला गोड लागलं होतं. लाज वाटते आता.

पूल सुरू झाला की होडी बंद होणार होती. बाजार पलीकडे. हायवेने वळसा घालून गेलं तर आई पोचेपर्यंत बाजार उठलेला. घरी तिला फलकावरचं वाचून दाखवलं. ती बोंबील वाळत घालत राहिली.

उद्घाटनाला तलासरीहून तारपा वाजवणारे आदिवासी आणून उन्हात उभे केले होते. पाहुणे पुलाच्या तोंडाशी मांडवात, पंख्याखाली. भाषणात स्त्री, श्रम, समता, सगळं येऊन गेलं. जेवण पलीकडे अध्यक्षांच्या वाडीत होतं आणि पाहुण्यांसाठी पापलेट आईकडेच सांगितलं होतं. आई टोपली घेऊन आली आणि फलकाखाली थांबली.

"न्या की मावशी पलीकडे," अध्यक्ष म्हणाले. "आज चालतं."

"आणि उद्या?"

अध्यक्ष पाहुण्यांकडे बघून नुसते हसले.

"मला वाचता येत नाय," आई म्हणाली. "पण जिने लिवलंय, त्या माझ्या पोरीनेच वाचून दाखवलंय."

टोपली उचलून ती घरी गेली. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. समतेचे पुजारी त्या दिवशी बटाट्याच्या रश्श्यावर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई टोपली घेऊन पुलावर चढली, अगदी मधोमध. पाणी टपटप गळत होतं. शाळेत जायला मी तिच्या मागे. समोरून अध्यक्ष फिरायला आलेले. आईला बघताच ते कठड्याला टेकून खाडी न्याहाळू लागले, जसे काही आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. एवढीच यांची हिंमत.

मी म्हणाले, "आई, दे ती टोपली माझ्याकडे."

तिने डोक्यावरची चुंबळ सारखी केली. मागे न बघता म्हणाली, "नको. साडीला वास लागंल तुझ्या. अक्षर मात्र झकास काढलंस."